काफ्रियाल आणि कारावास

पणजीतल्या खानावळीत चिकन काफ्रियाल मागवलं की ताटलीत हिरवीगार कोंबडी येते. वाटणात कोथिंबीर, हिरव्या मिरच्या, आलं-लसूण आणि मिरी, बाजूला लिंबाची फोड. खाताना नावाचा विचार कोण करतो? पण या नावाने बराच मोठा प्रवास केला आहे. पोर्तुगीज भाषेत आफ्रिकेतल्या काळ्या माणसाला ‘काफ्रे’ म्हणत आणि ‘काफ्रियाल’ म्हणजे काफ्र्यांच्या पद्धतीचं. हा पदार्थ मोझांबिककडून गोव्यात आला असं मानतात. पोर्तुगिजांना ‘काफ्रे’ मिळाला तो अरबी ‘काफिर’वरून. पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावरचे अरब व्यापारी आतल्या मुलखातल्या मुसलमान नसलेल्या लोकांना काफिर म्हणत. पोर्तुगिजांना वाटलं, हे त्या लोकांचं नावच असावं. त्या अरबांच्या हिशेबाने आपणही काफिरच ठरतो, हे बहुधा त्यांच्या लक्षात आलं नसावं.

हाच शब्द डच वसाहतवाल्यांबरोबर दक्षिण आफ्रिकेत रुजला आणि तिथे त्याला असं विष चढलं की आज तिथली वृत्तपत्रं तो छापत नाहीत, ‘के’ अक्षरावर काम भागवतात. २०१८मध्ये तिथल्या न्यायालयाने एका गोऱ्या महिलेला तीन वर्षांची शिक्षा दिली. त्यातलं एक वर्ष स्थगित होतं, बाकी दोन वर्षं तुरुंगात. तिच्या गाडीत चोरी झाली होती आणि मदतीला आलेल्या काळ्या पोलिसांवर तिने हा शब्द ४८ वेळा फेकला होता. श्रीलंकेत मात्र पुत्तलमच्या बाजूला एक छोटा आफ्रिकी वंशाचा समाज आहे, तो स्वतःला याच शब्दाने ओळखतो. त्यांच्या नाचगाण्याच्या ठेक्यातून आलेला ‘काफ्रिंग्ञा’ हा प्रकार तिथल्या लग्नांतही वाजतो.

म्हणजे एका गावी मेन्यूकार्ड, दुसऱ्या गावी कारावास आणि तिसऱ्या ठिकाणी आडनावासारखी ओळख. शिव्यांचं असं होतं हे आपल्याला ऐकून माहीत असतं. मला त्याहून जास्त चक्रावून टाकतात ते त्या शिवीला नाव देणारे शब्द: वंशवाद, वर्णद्वेष, वर्णभेद, पूर्वग्रह. हे शब्द अंपायरसारखे तटस्थ असतील असं वाटतं. त्यांचा इतिहास उघडला की कळतं, अंपायरनेही पूर्वी कुठल्या ना कुठल्या संघाकडून बॅटिंग केलेली आहे.

वंशवादासाठी इंग्रजीत आज जो ‘रेसिझम’ हा शब्द चालतो, तो किती जुना असेल? गुलामांचा व्यापार चारशे वर्षांचा, वसाहती त्याच काळातल्या. शब्द मात्र जेमतेम सव्वाशे वर्षांचा आहे. त्याच्या सगळ्यांत जुन्या नोंदींपैकी एक १९०२ची आहे. न्यूयॉर्क राज्यातल्या लेक मोहॉंक इथे ‘इंडियनांचे मित्र’ म्हणवणाऱ्या गोऱ्या सुधारकांची दरवर्षी परिषद भरे. तिथे रिचर्ड हेन्री प्रॅट नावाच्या लष्करी अधिकाऱ्याने भाषण केलं. अमेरिकेच्या मूळ रहिवाशांना राखीव प्रदेशात वेगळं ठेवू नका, वंशांना आणि वर्गांना एकत्र मिसळू द्या, तरच हा ‘रेसिझम’ संपेल, असा त्याचा मुद्दा होता. वाचून वाटतं, काय काळाच्या पुढचा माणूस! पण हाच प्रॅट पेनसिल्व्हेनियातल्या कार्लाइल शाळेचा संस्थापक. १८७९पासून तिथे टोळ्यांमधली मुलं शेकडो मैलांवरून आणत, त्यांचे केस कापत, नावं बदलत, मातृभाषेत बोलण्याला बंदी करत. त्या आवारात आजही मुलांची थडगी आहेत. माणूस वाचवायचा तर त्याच्यातला इंडियन मारावा लागेल, हे त्याचं प्रसिद्ध मत. आज ‘रेसिझम’ची उदाहरणं द्यायची झाली तर कार्लाइल शाळा यादीत बरीच वर असेल. शब्दाने आपल्या पहिल्या वापरकर्त्यांपैकी एकालाच पकडलं.

त्याच सुमाराला दक्षिण आफ्रिकेत याचा भाऊबंद ‘रेशियलिझम’ जोरात होता. तिथली १९०५ ते १९१०च्या आसपासची भाषणं आजच्या वाचकाला भलत्याच वाटेवर नेतात. नेते तळमळून सांगतात की हा वंशद्वेष देशाला खाईल, दोन्ही वंशांनी हात मिळवले पाहिजेत. कोणते दोन वंश? बोअर आणि ब्रिटिश! डच वंशाचे गोरे आणि इंग्रज गोरे. त्यांच्यात नुकतंच मोठं युद्ध झालं होतं. काळी माणसं या हिशेबातच नव्हती, त्यांच्यासाठी ‘नेटिव्ह प्रश्न’ असं वेगळं खातं होतं. १९१०मध्ये दोन्ही गोऱ्यांचं ऐक्य होऊन एक संघराज्य झालं, तेव्हा वंशद्वेष संपला म्हणून समाधान व्यक्त झालं आणि त्याच राज्याने तीन वर्षांत काळ्यांच्या जमीनखरेदीवर बंदी घातली. पुढे १९४८मध्ये ‘अपार्टाइड’ ही घोषणा देऊन एक पक्ष निवडणूक जिंकला. आफ्रिकान्समध्ये या शब्दाचा साधा अर्थ वेगळेपण. त्यांच्या मते तो सभ्य शब्द होता. तो बदनाम झाल्यावर सरकारने ‘पृथक विकास’ असं नवं लेबल लावून पाहिलं, पण मूळ शब्द जगाच्या तोंडी बसला तो बसलाच. १९७३मध्ये संयुक्त राष्ट्रांनी त्याच नावाने एक गुन्हा ठरवला. राज्यकर्त्यांनी अभिमानाने ठेवलेलं नाव आंतरराष्ट्रीय कायद्यात गुन्ह्याचं नाव होऊन बसलं.

अभिमानाने लावलेलं लेबल पुढे आरोप बनतं, याचं आणखी ठसठशीत उदाहरण बर्लिनमध्ये सापडतं. विल्हेल्म मार या पत्रकाराने १८७९मध्ये ‘अँटिसेमिटिझम’ हा शब्द गाजवला, त्या नावाची संघटनाही काढली. ज्यूंचा द्वेष ही जुनी, धार्मिक, जरा गावंढळ गोष्ट वाटे, म्हणून तिला शास्त्रीय पोशाख हवा होता. ‘सेमिटिक’ हे अरबी, हिब्रू वगैरे भाषांच्या कुळाचं नाव, ते उचलून मारने एका लोकसमूहाच्या रक्तावर चिकटवलं. अरबी बोलणाऱ्यांशी त्याचं काही देणंघेणं नव्हतं. ‘आर्य’ शब्दाचंही तसंच झालं, तोही भाषाकुलाचा वंश झाला. भाषाशास्त्रज्ञ मॅक्स म्युलरने याला थोडा हातभार लावला होता आणि १८८८मध्ये तोच वैतागून सांगत होता की आर्य रक्त, आर्य डोळे असं बोलणं हे लांबट डोक्याचा शब्दकोश शोधण्याइतकं हास्यास्पद आहे. तोवर उशीर झाला होता.

‘रेसिझम’ हा शब्द आज ज्या अर्थाने बोलला जातो तो अर्थ त्याला १९३०च्या दशकात चढला, नाझींमुळे. मॅग्नस हिर्शफेल्ड हे ज्यू डॉक्टर जगप्रवासात १९३१मध्ये भारतातही येऊन गेले होते. १९३३च्या मे महिन्यात नाझी विद्यार्थ्यांनी त्यांची बर्लिनमधली संस्था लुटली, पुस्तकं जाळली. परागंदा अवस्थेत त्यांनी वंशसिद्धान्तांचा समाचार घेणारं पुस्तक लिहिलं. १९३५मध्ये ते वारले आणि १९३८मध्ये ते पुस्तक इंग्रजीत ‘रेसिझम’ या एकाच शब्दाचं शीर्षक घेऊन आलं. ज्याच्यावर घाव बसला त्याने दिलेलं हे नाव, म्हणून ते टिकलं असावं असं मला वाटतं.

आता थोडं अमेरिकेच्या न्यायालयात जाऊ, कारण शब्दांची एवढी चैन कायद्याशिवाय कुणाला परवडत नाही. १७९०च्या कायद्याने परदेशी माणसाला नागरिकत्व मिळवायचं तर तो ‘गोरा’ असणं आवश्यक होतं. (१८७०मध्ये आफ्रिकी वंशाचे लोक त्यात आले. मधले सगळे लोंबकळत राहिले.) पण गोरा म्हणजे कोण? ताकाओ ओझावा हे जपानी गृहस्थ वीस वर्षं अमेरिकेत राहिलेले, घरात इंग्रजी बोलणारे. त्यांचं म्हणणं असं, की माझी कातडी अनेक गोऱ्यांपेक्षा गोरी आहे. १९२२च्या नोव्हेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, रंगाचा प्रश्नच नाही, गोरा म्हणजे शास्त्रज्ञ ज्याला ‘कॉकेशियन’ म्हणतात तो. ठीक. तीन महिन्यांनी, १९२३च्या फेब्रुवारीत, भगतसिंग थिंद हे पंजाबी शीख समोर आले. पहिल्या महायुद्धात अमेरिकी सैन्यात नोकरी केलेले. ते म्हणाले, शास्त्राप्रमाणे उत्तर भारतीय कॉकेशियन आहेत, तुमचाच निकाल बघा. त्याच न्यायमूर्तींनी, जॉर्ज सदरलंड यांनी, लिहिलं की शास्त्र काय म्हणतं ते राहू द्या, सामान्य माणूस ज्याला गोरा समजतो तो गोरा. थिंद यांना तो तसं समजत नाही.

एका हिवाळ्यात दोन उलट्या व्याख्या आणि दोन्हींचं उत्तर एकच!

थिंद यांची बाजू मांडणारे वकील होते सखाराम गणेश पंडित, लॉस एंजेलिसमध्ये वकिली करणारे, स्वतः अमेरिकी नागरिक झालेले. थिंद यांच्या बाजूच्या युक्तिवादात एक मुद्दा असा होता की उच्च जातीचा हिंदू खालच्या जातीशी, आदिवासींशी लग्नसंबंध टाळतो, अगदी गोरा अमेरिकन निग्रोशी टाळतो तसाच. तेव्हा तो शुद्ध आर्य राहिला आहे. म्हणजे एका भेदभावातून सुटण्यासाठी दुसऱ्या भेदभावाचा दाखला, तोही अभिमानाने. हे वाचून मी बराच वेळ पुढचं पान उलटलं नाही. या निकालानंतर सरकारने आधी नागरिक झालेल्या भारतीयांचे कागद काढून घ्यायला सुरुवात केली. जनरल इलेक्ट्रिकमधले अभियंता शंकर लक्ष्मण गोखले यांच्यावर खटला झाला, खुद्द पंडितांवरही झाला. पंडितांनी आपलं नागरिकत्व न्यायालयात झगडून टिकवलं.

‘कॉकेशियन’ हे नाव तरी कुठून आलं? गॉटिंगेनचे प्राध्यापक ब्लुमेनबाख यांच्या संग्रहात जॉर्जियातल्या, म्हणजे कॉकेशस पर्वताच्या बाजूच्या, एका स्त्रीची कवटी होती. ती त्यांना सर्वांत सुंदर वाटली. त्यावरून १७९५मध्ये त्यांनी युरोपीयांना त्या डोंगराचं नाव देऊन टाकलं. याच ब्लुमेनबाखनी आफ्रिकी लेखकांची पुस्तकं मुद्दाम जमवली होती. काळे लोक बुद्धीने कमी नाहीत हे दाखवायला. हेतू एक आणि नावाचा पुढचा संसार दुसराच.

कवट्यांचं निघालं म्हणून इरावती कर्वे. ‘युगान्त’मुळे त्या आपल्याला माहीत असतात. पण १९२७मध्ये त्या बर्लिनला गेल्या त्या महाभारतासाठी नव्हे. तिथल्या मानववंशशास्त्र संस्थेत ऑयगेन फिशर त्यांचे मार्गदर्शक होते. फिशर हे नाव पुढे नाझी वंशशास्त्राशी जोडलं गेलं, आणि त्याआधी नैर्ऋत्य आफ्रिकेच्या जर्मन वसाहतीत मिश्र वंशाच्या लोकांची मापं त्यांनी घेतली होती. त्यांनी बाईंना विषय दिला तो कवटीच्या असमतोलाचा. मनुष्याच्या कवटीच्या दोन बाजू तंतोतंत सारख्या नसतात. गोऱ्या युरोपीयांत हा असमतोल अधिक असावा आणि त्याचा संबंध त्यांच्या वरचढ बुद्धीशी असावा, अशी फिशर यांची अटकळ होती. वसाहतींतून आणलेल्या कवट्याही त्या संस्थेत होत्याच. तिशीही न गाठलेली, पुण्याहून आलेली ही विद्यार्थिनी मोजत बसली आणि तिचा निष्कर्ष आला की वंशाचा आणि असमतोलाचा काही संबंध दिसत नाही. हे गुरूला सांगायचं, तेही बर्लिनमध्ये, तेही त्या काळात! तरी डॉक्टरेट मिळाली. गंमत अशी की बाईंनी मोजपट्टी टाकून दिली नाही. पुढे डेक्कन कॉलेजातून महाराष्ट्रभर हिंडत त्या माणसांची मापं घेतच राहिल्या.

त्या बर्लिनला जाण्यापूर्वी मुंबईत गो. स. घुर्ये यांच्या विद्यार्थिनी होत्या. मालवणचे घुर्ये इथे आणखी एका कारणाने येतात. हर्बर्ट रिझ्ली या इंग्रज अधिकाऱ्याने १८९१च्या आपल्या ग्रंथात दावा केला होता की जात जितकी वरची, तितकं नाक अरुंद. १९०१च्या जनगणनेचे ते प्रमुख होते आणि जात म्हणजे वंश हे समीकरण त्यांनी सरकारी कागदांत पक्कं केलं. घुर्यांनी १९३२च्या पुस्तकात रिझ्लींच्याच आकड्यांनी त्यांना उत्तर दिलं. उत्तर हिंदुस्थानाबाहेर हा हिशेब जुळत नाही. आणि डॉ. आंबेडकरांनी १९४८च्या अस्पृश्यांवरील ग्रंथात नाकांचे हेच तक्ते वापरून दाखवलं की ब्राह्मण आणि अस्पृश्य यांच्यात वंशाचा फरक ठरत नाही. नाक मोजायला निघालेल्या साहेबाला स्वप्नातही वाटलं नसेल की आपला तक्ता शेवटी कुणाच्या हाती पडेल.

आता आपल्या मराठीकडे. इथे शब्दांची कमतरता नाही, पण ते एकमेकांच्या जागी सर्रास वापरले जातात, म्हणून एक नेहमीचा प्रसंग घेऊ. पुण्यात एखादा आफ्रिकी विद्यार्थी भाड्याची खोली शोधतो आहे. ‘हे लोक रात्रभर दंगा करतात’ असं मालकाला कुणालाही न भेटता वाटतं, हा पूर्वग्रह. मराठीत आपण ‘ग्रह करून घेतला’ म्हणतो तो हाच. तो नुसता मनात असतो. मालक खोली नाकारतो आणि तीच दुसऱ्याला त्याच भाड्याने देतो, तो भेदभाव, ही कृती. त्या माणसाच्या नुसत्या दिसण्यानेच मालकाच्या कपाळावर आठी येते, तो वर्णद्वेष किंवा वंशद्वेष, ही भावना. आणि ‘त्यांच्या रक्तातच ते आहे’ अशी मांडणी झाली, की माणसांचे वंश असतात, गुण रक्तातून येतात आणि काही रक्त श्रेष्ठ असतं, तर तो वंशवाद, म्हणजे सिद्धान्त. मनात द्वेषाचा लवलेश नसूनही भेदभाव होऊ शकतो. केवळ ‘सोसायटीचे लोक काय म्हणतील’ या भीतीने खोली नाकारणारे मालक कितीतरी असतात.

भेदभावाला मराठीत खास आपले शब्द आहेत: दुजाभाव, सापत्नभाव आणि सगळ्यांत मला आवडणारा पंक्तिप्रपंच. एकाच पंगतीत कुणाच्या पानावर तुपाची धार, कुणाच्या पानाशी वाढप्याची नजरही नाही. माणसं एकत्र बसलेली असूनही वेगळी वागवता येतात, हे ज्या समाजाने पाहिलं त्यालाच असा शब्द सुचेल. तरी ‘वर्ण’ या शब्दाने थोडा घोळ केला आहे. त्याचा अर्थ रंगही आणि चातुर्वर्ण्यातला वर्णही. त्यामुळे ‘वर्णभेद’ वाचल्यावर लेखक जोहान्सबर्गबद्दल बोलतो आहे की आपल्याबद्दल, ते संदर्भावरूनच कळतं. हिंदीतून भाषांतर करणाऱ्यांनी तर जास्तच जपावं: हिंदीत ‘वंशवाद’ म्हणजे बहुधा राजकारणातली घराणेशाही, आणि आपण ज्याला वंशवाद म्हणतो त्याला तिकडे ‘नस्लवाद’.

वरच्या प्रसंगात मालकच नसेल तर? नकार देणारा कुणी एक माणूस दाखवता येत नाही, सगळे नियम सारखे दिसतात आणि तरी खोली मिळत नाही. याला नाव मिळायला १९६७ उजाडलं. अमेरिकेतल्या काळ्यांच्या चळवळीतले स्टोकली कारमायकेल आणि राज्यशास्त्रज्ञ चार्ल्स हॅमिल्टन यांनी ‘संस्थात्मक वंशवाद’ अशी संज्ञा मांडली. अलाबामातल्या बर्मिंगहॅममध्ये १९६३ला चर्चमध्ये बॉम्बस्फोट होऊन चार काळ्या मुली मेल्या. त्याला वंशवाद म्हणायला कुणी कचरलं नाही. पण त्याच शहरात पुरेसं अन्न, निवारा आणि औषधपाणी नसल्याने दरवर्षी शेकडो काळी बाळं दगावत, त्याला काय म्हणायचं, हा त्यांचा प्रश्न. ब्रिटनने ही संज्ञा अधिकृतपणे मान्य केली ती १९९९मध्ये. १९९३ला लंडनमध्ये अठरा वर्षांच्या स्टीफन लॉरेन्सचा बसथांब्यावर खून झाला, पोलिसांनी तपासाची वाट लावली. सर विल्यम मॅकफर्सन यांच्या चौकशी अहवालाने म्हटलं की नकळत झालेला पूर्वग्रह, अज्ञान आणि बेफिकिरी यांतूनही संस्था वंशवादी ठरू शकते. ‘आमचा हेतू तसा नव्हता’ हा बचाव तिथून पुढे दुबळा पडला. आपल्याकडे ईशान्य भारतातून आलेल्यांना ‘चिंकी’ म्हणणारे हाच बचाव करतात. गंमत केली हो. २०१२मध्ये केंद्रीय गृहखात्याने राज्यांना कळवलं की अनुसूचित जमातीच्या माणसाला असं संबोधणं अॅट्रॉसिटी कायद्याखाली गुन्हा ठरू शकतं, शिक्षा पाच वर्षांपर्यंत.

इथे पुन्हा जात आणि वंश एका कायद्यात भेटले आणि यामागची आंतरराष्ट्रीय कथा फार थोड्यांना माहीत आहे. १९६५मध्ये संयुक्त राष्ट्रांत वांशिक भेदभाव संपवण्याच्या कराराचा मसुदा चालू होता. वंश, वर्ण, राष्ट्रीय वा वांशिक मूळ असे आधार व्याख्येत होते. त्यात एक शब्द वाढवा अशी दुरुस्ती एका देशाने सुचवली: ‘कुळ’, म्हणजे माणूस ज्या वंशावळीत जन्मला ती. दुरुस्ती मान्य झाली. सुचवणारा देश भारत होता. पुढे त्या कराराखालच्या समितीने विचारलं, की मग यात जात येते ना? १९९६मध्ये भारताचं उत्तर होतं, नाही, इथे कुळ म्हणजे वंशच. २००१मध्ये डर्बनला वंशवादविरोधी जागतिक परिषद भरली, तेव्हा दलित संघटना जात अजेंड्यावर आणायला धडपडत होत्या आणि भारत सरकार जात म्हणजे वंश नव्हे असं सांगत होतं. शास्त्र म्हणून सरकारचं वाक्य घुर्ये-आंबेडकरांच्या जवळ जाणारं होतं, त्याचा वापर मात्र विषय टाळायला होत होता. दुसऱ्याच वर्षी समितीने निर्वाळा दिला की कुळात जात येते.

२०२३च्या फेब्रुवारीत सिअॅटल शहराने वळणावळणाने न जाता भेदभावबंदीच्या यादीत ‘जात’ हाच शब्द घातला. असं करणारं ते अमेरिकेतलं पहिलं शहर. त्याच वर्षी कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळानेही तसं विधेयक मंजूर केलं. ऑक्टोबरमध्ये राज्यपाल गॅव्हिन न्यूसम यांनी ते नाकारलं. कारण दिलं असं, की राज्याच्या कायद्यात ‘पूर्वजपरंपरा’ हा शब्द आधीपासून आहे आणि जात त्यातच येते.